दान, सावड आणि सावकारी

२०२५ च्या फेब्रुवारीतील गोष्ट. आमच्या शाळेत सकाळच्या परिपाठात एका मुलाने वर्तमानपत्रातील बातम्या मोठ्याने वाचायच्या, अशी रीत आहे. त्या दिवशी पाळी सातवीतल्या एका मुलीची होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले; ती आजीपाशी राहते. केंद्राचा अर्थसंकल्प नुकताच मांडला गेला होता आणि कोणत्या देशाला किती मदत, याचा तक्ता छापून आला होता. तिने तो पाढे म्हणावेत तसा एका सुरात म्हटला : भूतान २१५० कोटी, नेपाळ ७०० कोटी, मालदीव ६०० कोटी, मॉरिशस ५०० कोटी...

मागून एक पोरगा ओरडला, "आधी आपल्या शाळेचं छप्पर करा म्हणावं!" सारी पोरे हसली. मीही हसलो. आमचे छप्पर गळते, हे खरेच आहे. पण ती मुलगी हसली नाही. वर्तमानपत्राची घडी घालता घालता तिने विचारले, "गुरुजी, हे कोण ठरवतं?"

मी म्हणालो, "सरकार."

"सरकारातलं कोण?"

मला उत्तर आले नाही. मास्तरकीत मुरलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले. म्हणालो, "चला, गणिताची वही काढा."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या पाठीस लागला आहे. मागल्या पोराचा प्रश्न सारा देश विचारतो. चहाच्या टपरीवर, एसटीच्या बाकावर आणि निवडणुकीच्या सभेत तो हटकून ऐकू येतो. त्या मुलीचा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आणि माझे म्हणणे असे की, खरा प्रश्न तिचाच आहे. मी अर्थशास्त्री नाही. दहावीच्या पुढची एकही पदवी माझ्या नावामागे नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि दोन पिढ्यांना बेरीज-वजाबाकी शिकविली, एवढीच माझी शिदोरी. पण कराचा पैसा माझाही आहे, आणि हिशेब मागायला पदवी लागते असे अजून तरी कुणी म्हटलेले नाही.

प्रथम मागल्या पोराचा निकाल लावू. घरात अन्न नाही आणि पाहुण्यांना पंगती, असे म्हणणारे लोक आकडा कधी मांडून पाहात नाहीत. २०२५-२६ चा केंद्राचा एकूण खर्च धरला होता ५० लाख ६५ हजार कोटींच्या आसपास. त्यात परराष्ट्र खात्याचा वाटा २०,५१६ कोटींचा, आणि त्या वाट्यात परदेशांना मदत म्हणून ५४८३ कोटी. म्हणजे सरकारच्या हजार रुपयांतला एक रुपया आणि वर काही पैसे. तो रुपया वाचविला म्हणून आमच्या शाळेवर पत्रे चढणार नाहीत. छप्पर गळते ते भूतानमुळे नव्हे. ते का गळते हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याची कारणे हिमालयापर्यंत जात नाहीत. शेजाऱ्याला दिलेल्या ताकाच्या वाटीवर घराच्या दारिद्र्याचे खापर फोडणे ही नुसती चूक नाही, ती लबाडी आहे. कारण त्यामुळे खऱ्या चोराकडे पाठ फिरते.

परंतु दुसऱ्या बाजूला जे उभे आहेत त्यांचाही मी तितकाच वैरी आहे. या मंडळींना 'आपण आता घेणारे नाही, देणारे झालो' एवढ्या एका वाक्याने धन्य वाटते. कोणाला दिले, काय दिले, त्याचे पुढे काय झाले, असे विचारले की ती रागावतात. दिले एवढे पुरे! लग्नात आहेर वाचून दाखवणाऱ्याचा आवाज जसा चढतो तसा त्यांचा चढतो. नवरीला भांडे उपयोगी पडले की नाही, याची चौकशी आहेर वाचणारा कधी करीत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हे कोण ठरवते?

शोधू गेल्यावर जे हाती लागले ते सरळ सांगतो. शेजारच्या एखाद्या देशाचे सरकार आपल्या वकिलातीकडे मागणी करते, किंवा आपले पंतप्रधान तिकडे जाणार असतात म्हणून काहीतरी जाहीर करणे भाग असते. प्रस्ताव परराष्ट्र खात्यात त्या त्या देशाच्या विभागाकडे जातो. २०१२ साली या कामासाठी खात्यात 'विकास भागीदारी प्रशासन' नावाची शाखा काढण्यात आली; ती प्रकल्पांवर देखरेख करते. मग अर्थ खाते कात्री लावते. अखेरीस अर्थसंकल्पात एका देशासमोर एक आकडा उमटतो. भूतानला इतके का आणि म्यानमारला इतकेच का, याची कारणमीमांसा त्या आकड्याशेजारी नसते. परराष्ट्र व्यवहारांची संसदीय स्थायी समिती या मागण्या तपासते, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते, अहवाल देते. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण लोकसभेत काय होते? दरवर्षी मोजक्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि ठरलेली वेळ संपली की उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम, चर्चेविना, मंजूर केल्या जातात. संसदेच्या भाषेत याला 'गिलोटीन' म्हणतात. ज्या यंत्राने फ्रान्समध्ये माणसांची मुंडकी उडविली त्याचे नाव आपण चर्चेची मुंडकी उडविण्याला दिले आहे, आणि नाव अगदी चपखल आहे. परराष्ट्र खात्याची मागणी अनेकदा याच पात्याखाली जाते.

आणि हे झाले फक्त अनुदानाचे. याहून कितीतरी मोठा व्यवहार कर्जाचा आहे, आणि तो वरच्या ५४८३ कोटींत दिसतही नाही. १९८२ साली सुरू झालेली भारतीय निर्यात-आयात बँक आपल्या मुंबईतच आहे. तिच्यामार्फत सरकारच्या सांगण्यावरून परदेशांना स्वस्त व्याजाची, लांब मुदतीची कर्जे दिली जातात. ती ६० हून अधिक देशांत पोचली आहेत आणि त्यांची एकूण रक्कम ३० अब्ज डॉलरांच्या घरात जाते. बाजारभावाचे व्याज आणि या कर्जाचे व्याज यांतला फरक भारत सरकार सोसते. कर्ज बुडाले तर हमीही सरकारचीच. आणि या कर्जाला सर्वसाधारण अट अशी की, त्यातून घ्यावयाच्या मालापैकी आणि सेवांपैकी ७५ टक्के भारतातूनच घेतल्या पाहिजेत.

अट वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्या कारखान्यांना काम मिळाले तर कोणाला नको आहे? माझी तक्रार नावाबद्दल आहे.

आमच्या खेड्यात देण्याघेण्याचे तीन प्रकार पूर्वापार आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. पहिले दान. ते दिले की हिशेब संपला. परत येईल ही आशा धरायची नाही आणि दिल्याचा डांगोरा पिटायचा नाही. दुसरी सावड. आज मी माझे बैल घेऊन तुझ्या शेतात येतो, उद्या तू माझ्या शेतात ये. यात उपकार कोणाचाच नाही. दोघांची मान सारखी ताठ. तिसरी सावकारी. पैसे देतो, पण बियाणे माझ्याच दुकानातून घे. सावकार म्हणजे नेहमीच राक्षस असतो असे नाही. कित्येकांचे संसार सावकाराच्या पैशाने उभे राहिले आहेत. पण सावकाराने स्वतःला दाता म्हणवून घेतले तर गावातले पोर देखील हसेल.

दिल्लीत मात्र या तिन्हींना मिळून एकच गोंडस नाव आहे : विकास भागीदारी. अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आल्यावरही, २०२२ साली, पाकिस्तानातून ट्रकांनी गहू पाठविला, ते दान. १९६४ पासून 'आयटेक' योजनेखाली परदेशांतील माणसे येथे येऊन शिकून जातात, ती बरीचशी सावड. त्यांना विद्या मिळते, आपल्याला मित्र मिळतात. आणि ७५ टक्क्यांची कर्जे ही सावकारी. सौम्य, सभ्य, पण सावकारीच. तिन्हींची एकाच पोत्यात भेसळ केली की कोणत्याच धान्याचा भाव कळत नाही. टीकाकार सावकारीचे आकडे घेऊन दानाला शिव्या घालतो. सरकार दानाचे फोटो लावून सावकारीचे कौतुक करवून घेते.

भूतानचेच उदाहरण घ्या. त्या देशाची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ साली सुरू झाली आणि तिचा सारा भार भारताने उचलला. पुढे ३३६ मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प आपण बांधून दिला. खर्चाचा ६० टक्के भाग अनुदान, ४० टक्के कर्ज. तयार होणारी जादा वीज आपण विकत घेऊ लागलो आणि भूतानच्या तिजोरीत स्वतःची कमाई आली. याहून सुंदर सावड मला तरी माहीत नाही. नंतर १२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ प्रकल्पाचे काम निघाले. या वेळी प्रमाण उलटे झाले : ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, आणि व्याज दहा टक्के. २०१३ साली डोंगराचा कडा सरकला, काम रखडले, खर्च मूळच्या अंदाजाच्या दुपटीहून पुढे गेला. वाढलेल्या खर्चाबरोबर त्या लहानशा देशाच्या डोक्यावरचे कर्जही वाढले. सावडीची सावकारी केव्हा झाली? कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणी हा फरक योग्य ठरविला? कदाचित कारणे सबळ असतील. पण तुमच्या-माझ्या प्रतिनिधींनी त्यावर उभे राहून वाद घातला, आणि तो तुम्ही-आम्ही वर्तमानपत्रात वाचला, असे आठवते का? आठवत नाही, कारण आपल्या लेखी भूतानला 'मदत' चालू होती. नाव एकच राहिले. आतला जिन्नस बदलला.

वाचकहो, आपण घेणारेही होतो, हे विसरू नका. माझी आई १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांची होती. मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीची चव ती अजून सांगते. 'अमेरिकेची ज्वारी' म्हणत तिला. गुरांनाही नकोशी, असे म्हणत म्हणत माणसांनी ती खाल्ली आणि माणसे जगली. ती ज्वारी मदत म्हणून आली होती की आपल्या सरकारने विकत घेतली होती, हे आईला त्या वेळी कोणी सांगितले नाही. आजही तिला ते माहीत नाही. पोटात गेलेल्या घासाचे नाव काय, दान की सौदा, हे खाणाऱ्याला कळू नये, याहून मोठा अपमान कोणता?

त्याआधी काही वर्षे हा अपमान साऱ्या देशाने सोसला होता. १९५६ साली अमेरिकेशी 'पी. एल. ४८०' चा करार झाला आणि गव्हाची जहाजे येऊ लागली. किंमत रुपयांत द्यायची होती. ते रुपये येथेच साठत गेले, इतके की १९७४ साली अमेरिकेच्या राजदूताने त्यांतील सुमारे १६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत देऊन टाकले. करार उदारच होता. पण १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ पाऊस हुकला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी दावे आखडले. वर्षाचा गहू एकदम कबूल न करता थोडा थोडा, महिन्या-दोन महिन्यांचा सोडायचा. शेतीचे धोरण बदला म्हणायचे. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने टीका केली की कपाळाला आठ्या घालायच्या. जहाज बंदरात लागले की नाही, यावर सरकारचा श्वास अडकलेला असे. हातात भाकरी आणि गळ्यात दावे, अशी ती स्थिती होती. हरितक्रांतीमागे जितकी शास्त्रज्ञांची बुद्धी होती तितकीच त्या दाव्याची चीडही होती, असे मी मुलांना शिकवितो.

ती चीड आपण विसरलो नाही. २००३ साली सरकारने ठरविले की यापुढे थोड्याच देशांकडून थेट मदत घ्यायची, लहान दात्यांना नमस्कार करून निरोप द्यायचा. २००४ च्या त्सुनामीत आपलीच किनारपट्टी उद्ध्वस्त झाली असता आपण परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि त्याच वेळी श्रीलंकेला जहाजे पाठविली. २०१८ च्या केरळातील महापुरातही परकीय सरकारांना नम्रपणे नकार दिला. पुढे २०२१ साली प्राणवायूवाचून माणसे तडफडू लागली तेव्हा तो ताठा बाजूला ठेवून मदत घेतली, आणि तेही योग्यच केले. सांगायचे इतकेच की, घेणाऱ्याला मान असतो, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

मग मालदीवचे आकडे पाहा. २०२३-२४ सालचा सुधारित अंदाज ७७० कोटी. जानेवारी २०२४ मध्ये तेथील मंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांविषयी वेडेवाकडे शब्द काढले, इकडे पर्यटनावर बहिष्काराची आरोळी उठली. फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात ६०० कोटी, जुलैच्या अर्थसंकल्पात ४०० कोटी. नंतर संबंध निवळले. २०२५-२६ साठी पुन्हा ६०० कोटी. सरकार म्हणेल, कामांच्या गतीप्रमाणे रक्कम कमीजास्त होते, रुसव्याफुगव्याचा काही संबंध नाही. असेलही! मी उलट सिद्ध करू शकत नाही. पण सरकार तरी आपले म्हणणे कुठे सिद्ध करते? कोणते काम पुरे झाले म्हणून दोनशे कोटी घटले आणि कोणते नवे निघाले म्हणून परत आले, हे त्या आकड्याखाली दोन ओळींत लिहिले असते तर शंकेला जागाच उरली नसती. ते लिहीत नाहीत, म्हणून मालदीवमधल्या कोळ्याला वाटणार की भारताच्या हातात दावे आहे. आणि जॉन्सनच्या दाव्याने मानेवर वळ उठलेल्या देशाने दुसऱ्याला असे वाटू द्यावे, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

कोणी म्हणेल, मास्तर, साऱ्या जगाची हीच रीत आहे. नाही. निदान एका देशात याहून वेगळे घडले, आणि तो देश म्हणजे आपला जुना धनी. ब्रिटनने मलेशियातील पेर्गाऊ धरणाला २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत कबूल केली. खात्यातील सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने लेखी सांगितले की हा पैशाचा अपव्यय आहे. मंत्र्यांनी ते बाजूला सारले, कारण मदतीच्या मागे शस्त्रविक्रीची बोलणी होती. एक स्वयंसेवी संस्था कोर्टात गेली. १९९४ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की ही मदत बेकायदा आहे. बेकायदा कशी? कारण मदत कशासाठी द्यायची हे सांगणारा १९८० चा कायदा तेथे होता, आणि आर्थिकदृष्ट्या टिकणारा विकास त्यात अभिप्रेत होता. कायदा होता म्हणून कोर्ट होते. कोर्ट होते म्हणून नागरिक उभा राहू शकला. पुढे २००२ साली तेथे नवा कायदा झाला आणि दारिद्र्य कमी करणे हा मदतीचा हेतू म्हणून लिहिला गेला.

ब्रिटनची आरती ओवाळण्याचा माझा इरादा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली ठरविले. ब्रिटनने ते २०१५ साली कायद्यात घातले, आणि २०२१ मध्ये ०.५ वर आणले. २०२५ च्या फेब्रुवारीत, सैन्यासाठी पैसा हवा म्हणून, २०२७ पर्यंत ते ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. मधल्या काळात आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांच्या हॉटेलांची बिले परदेशी मदतीत धरली. कायदा असूनही अशी पळवाट निघते. अमेरिकेने तर २०२५ च्या आरंभी एका आदेशाने मदत गोठविली आणि १ जुलैला आपली साठ वर्षांची मदत संस्था मोडीत काढली. तेव्हा कायदा म्हणजे लोखंडी भिंत, असे मी म्हणत नाही. पण २०२१ ची कपात ब्रिटिश संसदेत मतांना टाकावी लागली : ३३३ विरुद्ध २९८. कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूस हात वर केला, हे कायमचे लिहून राहिले. २०२५ मध्ये खात्याच्या मंत्रीणबाईंनी राजीनामा दिला. पाप झाले, पण उजेडात झाले. आपल्याकडे पुण्यही अंधारात होते.

आता मुत्सद्द्यांचा आक्षेप. ते म्हणतात, परराष्ट्र व्यवहार म्हणजे बुद्धिबळ; पट उघडा ठेवून खेळता येत नाही. शेजारी चीन पैशाच्या थैल्या घेऊन उभा आहे. आपण कायदे करीत बसलो तर तो डाव मारील. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी मान्य करतो. २०२२ साली श्रीलंकेत पेट्रोल आणि औषधे संपली तेव्हा भारताने कर्जे, चलनाची उसनवारी आणि देण्यांना मुदत मिळून सुमारे ४ अब्ज डॉलरांचा हात दिला. तेव्हा लोकसभेत सहा महिने वाद घालीत बसणे मूर्खपणाचे ठरले असते. संकटात धावणाऱ्याचा पाय ओढू नये. पण आग विझल्यावर तरी हिशेब मांडाल की नाही? आणि पूल, दवाखाना, वीजघर ही काय गुपिते आहेत? पूल उघड्या नदीवर उघड्या आकाशाखाली बांधतात. ज्या देशात तो उभा राहतो तेथील शेळ्या राखणाऱ्या पोरालाही तो दिसतो. ज्याच्या पैशाने उभा राहतो त्यालाच तेवढा दिसू द्यायचा नाही, हे कसले गुपित? चीनशी स्पर्धाच करायची असेल तर ती त्याच्यापाशी नाही अशा गोष्टीने करावी. थैली त्याची मोठी आहे. खुली संसद आपल्यापाशी आहे.

आणखी एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. मागे एका मोठ्या कारखान्याने आमच्या शाळेला भला मोठा टीव्ही दिला. आम्ही पत्रे मागितले होते. साहेब आले, फीत कापली, फोटो काढले, आणि भिंतीवर शाळेच्या नावाहून मोठ्या अक्षरांत कारखान्याचे नाव रंगवून गेले. पावसाळ्यात तो टीव्ही आम्ही प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवतो, कारण नेमका त्याच्यावरच थेंब पडतो. देणाऱ्यांनी वाईट हेतूने दिले असे मला म्हणवत नाही. त्यांनी फक्त विचारले नाही. नेपाळातल्या शाळांना आणि दवाखान्यांना आपली वकिलात बसगाड्या आणि रुग्णवाहिका देते. त्या गाड्या पाच वर्षांनी रस्त्यावर असतात की परसात, हे कोणी जाऊन पाहते का आणि पाहिलेले छापते का? घेणाऱ्या मास्तरापाशी दोन घटका बसल्याशिवाय देणाऱ्याला आपल्या देण्याची किंमत कळत नाही.

माझी मागणी लांबलचक नाही. एक : परदेशी मदतीचा कायदा संसदेने करावा आणि मदत कशासाठी द्यायची हे त्यात चार साध्या वाक्यांत लिहावे. देशाचे हित हा हेतू असेल तर तोही उघड लिहावा. त्यात लाज नाही. दोन : दान, सावड आणि सावकारी यांचे हिशेब तीन स्वतंत्र रकान्यांत मांडावेत, मुंबईच्या बँकेतून जाणारे कर्ज आणि त्याचे व्याज सोसण्याचा खर्चही त्याच कागदावर यावा. तीन : रक्कम घटली वा वाढली तर कारण लिहावे, आणि भूतानला पाच-पाच वर्षांचा शब्द देतो तसा इतरांनाही द्यावा, म्हणजे दाव्याचा संशय राहणार नाही. चार : दरवर्षी निदान एक दिवस लोकसभेने या एका विषयासाठी राखावा, आणि त्या दिवशी गिलोटीनचे पाते वरच टांगून ठेवावे.

शेवटी सोलापूरच्या एका माणसाची आठवण काढून थांबतो. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आपण तेव्हा स्वतःच गुलाम होतो. तिजोरी नव्हती, परराष्ट्र खाते नव्हते. काँग्रेसने लोकांपुढे पदर पसरला; लोकांनी पैसे दिले; औषधे घेतली; आणि १९३८ साली पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आले नाहीत. रणभूमीवर शस्त्रक्रिया करीत करीत, ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तेथेच गेले.

त्या मदतीत मागणाऱ्याने आधी मागितले होते. देणाऱ्यांनी उघड्यावर, आणा-आणा जमवून दिले होते. कोण जाते, काय नेते, कशासाठी नेते, हे वर्गणी देणाऱ्या हमालालाही ठाऊक होते. आणि आपण दान करतो आहोत की सावड, याविषयी कोणाच्याच मनात गोंधळ नव्हता : एक गांजलेला दुसऱ्या गांजलेल्याच्या शेतात बैल घेऊन चालला होता. राज्य नसलेल्या प्रजेला जे जमले ते राज्य मिळालेल्या प्रजेला का जमू नये?

परवा मी त्या मुलीला वर्गात उभे केले आणि म्हणालो, "तू विचारलं होतंस, मदत कोण ठरवतं. ऐक." मी तिला वकिलातीपासून गिलोटीनपर्यंत सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आपण नाही ठरवत."

मी म्हणालो, "अजून नाही." आणि या वेळी गणिताची वही काढायला सांगितली नाही.